‘बसूनच असते’

मागच्या सात दिवसांत तुम्ही सलग दहा मिनिटं तरी चाललात, असे दिवस किती? त्यांपैकी एखाद्या दिवशी एकूण किती वेळ चाललात? नेहमीपेक्षा बरीच जास्त धाप लागेल असं काम किती दिवस केलंत? दिवसातला किती वेळ बसून गेला?

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना मी हे प्रश्न गेली अनेक वर्षं विचारते आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. वाईत माझा दवाखाना आहे, आणि आसपासच्या गावांत वृद्धांच्या आरोग्याची एखादी पाहणी निघाली की प्रश्नावली घेऊन घरोघर जायचं काम मी आपणहून मागून घेते. माझ्या बरोबरीचे लोक याला माहिती गोळा करणं म्हणतात. माझ्या लेखी हा धर्माचा प्रश्न आहे. माणसानं काय केलं हे त्याचं त्याला कितपत कळतं, ते सांगण्याचा अधिकार कुणाचा, आणि ‘मी काहीच करत नाही’ असं जो म्हणतो त्याच्या नावावर काय लिहायचं, याचा विचार आपल्याकडे शेकडो वर्षं झाला आहे. प्रश्नावली तयार करणाऱ्यांना तो ठाऊक नसेल, पण ती भरून घेणाऱ्याला तो टाळता येत नाही.

एक घर सांगते, म्हणजे पुढचं बोलणं हवेतलं राहणार नाही.

कृष्णेकाठचं गाव. पेरणी तोंडावर आलेली, म्हणून ओसरीवर बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम चाललं होतं. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, एक पाय लांब केलेला, मांडीजवळ सूप. शेंगेच्या टोकावर अंगठ्याचा दाब, टचकन आवाज, दाणे सुपात, टरफल पोत्यावर. दाण्याचं तांबडं साल दुखवायचं नव्हतं, कारण साल निघालेला दाणा नीट उगवत नाही. आजींची नजर माझ्याकडे होती आणि बोटं आपलं काम करत होती. वय विचारलं तर म्हणाल्या, ‘आसंल पंच्याहत्तर.’

‘आजी, मागच्या आठवड्यात काय काय कामं झाली तुमच्याकडून?’

‘काय न्हाय बाई. आता काय हुतंय माझ्याच्यानं? बसूनच असते.’

एवढं बोलून त्या उठल्या. डावा तळवा गुडघ्यावर, उजव्या हातात ओसरीचा खांब, आधी कंबर वर, मग पाठ. मांडीचे स्नायू कमजोर झाले आणि गुडघा झिजला की माणूस असाच उठतो. आत बाजेवर त्यांचे यजमान होते, लकवा होऊन उजवी बाजू गेलेले. आजींनी एक गुडघा बाजेच्या कडेला रोवला, एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेमागून, आणि ‘हं, वळा’ म्हणत स्वतःच्या अंगाकडे ओढून त्यांची कूस बदलली. पाठीमागं गोधडीची घडी सरकवली, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये दुसरी घडी. महाविद्यालयात आम्हाला हे शिकवायला पुतळा आणि तक्ते लागले होते. आजींना कुणी शिकवलं नव्हतं, आणि एकही हालचाल चुकीची नव्हती. मग त्यांनी वाटीनं पाणी पाजलं, हनुवटी पुसली, बाहेर आल्या, पुन्हा तसंच खांब धरून खाली बसल्या आणि सूप जवळ ओढलं.

मी प्रश्नावलीतला पुढचा प्रश्न विचारला. मागच्या सात दिवसांत तुम्ही दुसऱ्या कुणाची, म्हणजे लहान मूल, अवलंबून असलेला जोडीदार किंवा दुसरं मोठं माणूस, अशी देखभाल केलीत का?

‘ते काय काम हाय व्हय?’ आजी म्हणाल्या. ‘ते आपलं हायच.’

चुलीपासून सुनेचा आवाज आला, ‘अवो म्याडम, त्या दिसभर हुब्याच असत्यात. तुमी लिवा.’

नियमाप्रमाणे दुसऱ्यानं दिलेलं उत्तर चालत नाही. उत्तर आजींचं हवं, आणि आजींचं उत्तर ‘नाही’ असं होतं.

मी त्या दिवशी नेलेली प्रश्नावली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तयार झाली आणि १९९३ साली प्रसिद्ध झाली. ती खास पासष्टीपुढच्या लोकांसाठी आहे. आद्याक्षरांवरून तिला ‘पेस’ म्हणतात. खेळ, धावणं, पोहणं यांच्यापलीकडे जाऊन ती घरकाम, बागकाम, घराची डागडुजी आणि दुसऱ्याची देखभालही विचारते, म्हणून इतरांपेक्षा ती मला जवळची वाटते. प्रत्येक कामाला ठरलेलं वजन आहे. हलकं घरकाम २५, जड घरकाम २५, डागडुजी ३०, हिरवळ कापणं, बर्फ किंवा पाचोळा काढणं, लाकूड फोडणं हे सगळं मिळून ३६, दुसऱ्याची देखभाल ३५. या प्रश्नांची उत्तरं फक्त हो किंवा नाही अशी द्यायची. किती वेळा, किती वेळ, कुणाला किती उचललं, हे विचारलेलं नाही. नातवाला तासभर खेळवणाऱ्या आजोबांना ३५ आणि पक्षाघाताच्या माणसाची दिवसरात्र कूस बदलणाऱ्या आजींनाही ३५. आजी ‘नाही’ म्हणाल्या तर शून्य.

दुसरी प्रश्नावली ‘आयपॅक’. तिची सुरुवात १९९८ मध्ये जिनिव्हात झाली, बारा देशांत ती तपासली गेली आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. ती मुळात १५ ते ६९ या वयोगटासाठी होती. सत्तरीच्या माणसाला ती विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणं. पुढं स्वीडनमध्ये पासष्टीपुढच्यांसाठी तिच्यात बदल करून घेतले गेले. सलग दहा मिनिटांची अट या प्रश्नावलीतली. त्या काळी जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच म्हणणं होतं, की दहा मिनिटांहून कमी हालचाल धरू नये. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ही अट काढून टाकली. मला त्या दिवशी मनापासून समाधान वाटलं, कारण आमच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांचं सगळं आयुष्य दहा मिनिटांहून छोट्या तुकड्यांत गेलेलं असतं. वाकून शेण उचलायचं, पाटी उकिरड्यावर टाकायची, येताना चार शेण्या आणायच्या, चूल फुंकायची, धुणं पिळायचं, कोंबड्यांना हाकलायचं, परत वाकायचं. यातलं एकही काम सलग दहा मिनिटं चालत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत हे तुकडे जोडले तर एखाद्या तरुण गड्याची छाती दडपेल. अटीच्या भाषेत मात्र त्यांची बेरीज काहीच नव्हती.

आपल्या देशात देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये पंचेचाळीशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची मोठी पाहणी केली. तिच्यात कुदळ-फावड्यानं खणणं, लाकूड फोडणं, शेतातलं काम, पाणी-सरपण आणणं, हातानं कपडे धुणं यांची नावं घेऊन प्रश्न विचारले आहेत. योगासनं आणि ध्यानाचाही प्रश्न आहे. नाव घेऊन विचारलं की उत्तर येतं, हा माझा अनुभव आहे. ‘काम करता का’ याला ‘नाही’ म्हणणारी बाई ‘पाणी आणता का’ याला ‘मग कोण आणणार?’ असं म्हणते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

माझे वडील माळकरी होते. घरात रोज रात्री ज्ञानेश्वरीचं वाचन व्हायचं, आणि गीतेचा अठरावा अध्याय आला की वडील एका जागी थांबून ऐकणाऱ्यांना विचारायचे, की कर्म कोण करतं? तिथं कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे हे शरीर, कर्ता, करणं म्हणजे इंद्रियं, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. या पाचांतून घडणाऱ्या कर्माचा कर्ता केवळ मी, असं जो समजतो त्याला नीट दिसत नाही, असंही तिथंच सांगितलं आहे. लहानपणी ऐकलेली ही यादी मला पुढे धंद्यात रोज भेटू लागली. क्ष-किरणांच्या फोटोत मला अधिष्ठान दिसतं. पकड किती घट्ट आहे, नजर कशी आहे, ही करणांची तपासणी. कमरेला बांधायचं हालचाल मोजणारं यंत्र फक्त चेष्टा टिपतं, तीही कमरेची. आजी शेंगा फोडत बसल्या किंवा एका जागी उभं राहून त्यांनी नवऱ्याचा भार पेलला, तर ते यंत्र जवळजवळ गप्पच राहील. आणि प्रश्नावली पाचांपैकी एकालाच, कर्त्याला, गाठून विचारते, ‘तुम्ही काय केलंत?’ दैवाला कोणत्याच कागदावर रकाना नाही. लकवा कुणाला झाला, मुलगा शहरात गेला की जवळ राहिला, विहीर कधी आटली, यांवर म्हाताऱ्या माणसाच्या हालचाली ठरतात, आणि ते कुणी विचारत नाही.

मग कर्त्याची साक्ष कितपत खरी मानायची? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या आणि प्राज्ञपाठशाळेच्या वाईत राहून न्यायशास्त्राचं नाव कानावर न पडणं अशक्य. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ज्ञानाचे स्मृती आणि अनुभव असे दोन भाग केले आहेत, आणि यथार्थ अनुभवालाच प्रमा म्हटलं आहे. स्मृतीला तिथं जागा नाही, कारण ती पूर्वीच्या अनुभवाच्या संस्कारातून येते. मागच्या सात दिवसांचं विचारतो तेव्हा आम्ही स्मृतीच मागत असतो. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर नैयायिक शब्दालाही प्रमाण मानतात, पण तो आप्ताचा, म्हणजे खरं जाणणाऱ्या आणि खरं सांगणाऱ्याचा शब्द असला पाहिजे. माझ्यासमोर बसलेली बाई स्वतःच्या श्रमाबाबत आप्त आहे का? तिच्याइतकं जवळून ते कुणी पाहिलेलं नाही. तरीही तिनं ते ‘पाहिलं’ आहे असं म्हणवत नाही, कारण करत असताना तिचं लक्ष कामाकडे होतं, स्वतःकडे नव्हतं.

यंत्र आलं म्हणजे प्रश्न सुटला असं मानणाऱ्यांना मी हेच सांगते, की यंत्र देतं तेही प्रत्यक्ष ज्ञान नव्हे, ते अनुमान आहे. मिनिटाला इतके धक्के, म्हणजे इतपत जोराची हालचाल, म्हणजे इतकी ऊर्जा, अशी ती साखळी असते. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला देऊन पुढचे काही दिवस लघवी तपासण्याची पद्धत सर्वांत विश्वासार्ह मानतात. तिच्यातून खर्च झालेली एकूण ऊर्जा कळते, पण ती कुणासाठी खर्ची पडली हे कळत नाही. अमेरिकेत २००३-०४ मध्ये हजारो लोकांच्या कमरेला यंत्रं बांधली तेव्हा शिफारशीइतकी हालचाल करणारे प्रौढ शंभरात पाचही निघाले नाहीत. तोंडी उत्तरांवरून हे प्रमाण कितीतरी पट मोठं दिसत होतं. लोक वाढवून सांगतात, असा निष्कर्ष त्यावरून पुष्कळांनी काढला. पण अशा तुलनांचे पुष्कळ अभ्यास २००८ साली एकत्र तपासले गेले तेव्हा सांगणं कधी मोजणीपेक्षा जास्त आढळलं, कधी कमी, आणि त्यात एकच एक कल सापडला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. दोन्ही टोकांची माणसं मला रोज भेटतात.

पुण्यातले एक निवृत्त गृहस्थ लेकीकडे वाईला आले की गुडघा दाखवायला येतात. रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायचा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम. मागच्या आठवड्यात ते तापानं अंथरुणावर होते, हे त्यांच्या लेकीनं मला आधीच सांगितलं होतं. तरी प्रश्नाला उत्तर आलं, ‘रोज.’ हे खोटं बोलणं नाही. त्या वयात माणूस मागच्या सात दिवसांचं उत्तर देत नाही, तो स्वतः कोण आहे ते सांगतो. ते पर्वती चढणारे गृहस्थ आहेत. तापानं आठवडाभर त्यांना ते राहू दिलं नाही, एवढंच. आजींच्या उत्तरालाही हीच रीत लावून पाहिली तर? त्याही स्वतः कोण आहेत तेच सांगत होत्या: जिच्याच्यानं आता काही होत नाही अशी घरातली म्हातारी. हे त्यांचं रूप त्यांना कुणी दिलं, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

कुणी म्हणेल, आजी तर गीतेच्याच वाटेवर आहेत. कर्तेपण त्यांनी सोडलं आहे. ‘ते आपलं हायच’ यात केवढा निरहंकार आहे! आपल्याकडे असं म्हणणारे पुष्कळ आहेत, प्रवचनातही म्हणतात आणि घरातही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत विनोबांनी विकर्माचा स्वतःचा अर्थ मांडला, की बाहेरच्या कर्मात मन ओतलं की ते विकर्म, आणि कर्माला विकर्म जोडलं गेलं की त्याचं ओझं उरत नाही, त्याचं अकर्म होतं. आजींचा चेहरा मी कूस बदलताना पाहिला आहे. तिथं कुरकुर नव्हती. त्यांचं कर्म विनोबांच्या अर्थानं अकर्म झालं असेल हे मी नाकारत नाही.

पण माझे वडीलही हेच म्हणत. ते आळंदीहून पायी पंढरपूरला जायचे, दोनशे किलोमीटरहून जास्त, दिवे घाटाच्या चढासकट, सत्तरीनंतरही. परत आल्यावर कुणी विचारलं, की एवढं चालवलं कसं, तर म्हणायचे, ‘माउली चालवते.’ मी एकदा त्यांना जागतिक आरोग्य संघटनेची सोळा प्रश्नांची यादी वाचून दाखवली. तिच्यात कामाची हालचाल, ये-जा करतानाची आणि फुरसतीतली असे तीन गट आहेत. वडील म्हणाले, ‘वारी यात कशातच नाही. तू रिकामं ठेव.’ आणि ते समाधानी होते.

त्यांच्या ‘माउली चालवते’ आणि आजींच्या ‘बसूनच असते’ यांत मला फार मोठं अंतर दिसतं. वडील वारीहून आले की गल्लीतल्या बायका त्यांच्या पायावर पाणी घालायच्या, मुलं पाया पडायची, घरात गोडधोड व्हायचं. ते चालले हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. गावानं ते चालणं त्यांच्या नावावर जमा केलं, आणि मग त्यांनी ते माउलीच्या पायाशी ठेवलं. आधी हातात आलं, नंतर सोडलं. आजींच्या नावावर कुणी कधी काही जमाच केलं नाही. घरात त्यांच्या कामाला काम म्हणत नाहीत, आणि आलेला कागद ‘नाही’ मागून शून्य लिहून घेतो. ज्याच्या हाती काही दिलंच नाही, त्यानं त्याग केला असं म्हणणं ही धर्माची विटंबना आहे. हे मी विचारपूर्वक लिहिते आहे.

आणि श्रमाचं नाव घेतलं की अहंकार होतो, हेही खरं नाही. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी, दामाशेटींकडे, राबली. तिच्याहून निरहंकारी कोण शोधायचं? ती स्वतःला दासी म्हणवते. पण तिच्या अभंगांत दळण आहे, कांडण आहे, झाडलोट आहे, शेण्या वेचणं आहे, पाणी भरणं आहे. एकही काम तिनं वगळलेलं नाही. ती म्हणते त्या जगात विठ्ठल स्वतः येऊन जात्याला हात लावतो, केर भरतो. मला यात भक्ताच्या लाडापलीकडचं काही दिसतं. देव येतो तो देवळातल्या आसनावरून उठून बाईच्या कामाच्या जागी येतो, ते काम काय आहे हे हातानं जाणून घेतो. तिच्या श्रमाला त्यानं ‘काही नाही’ म्हटलं नाही. जनाबाईनं कर्तेपण त्याच्याकडे सोपवलं ते त्यानं काम पाहिल्यावर, त्यात हात घातल्यावर. संतांनी जी गोष्ट देवाकडून करवून घेतली, ती निदान समोर बसून ऐकण्याइतकी तरी आपल्याला जमली पाहिजे.

म्हणून माझं मत पक्कं आहे. ‘मी करत नाही’ असं म्हणण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, आणि तो त्याच्या आणि देवाच्या मधला व्यवहार आहे. दुसऱ्याच्या कष्टाला अकर्म म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. मुलाला नाही, प्रवचनकाराला नाही, सरकारला नाही, आणि पेन हातात असलेल्या मलाही नाही.

शून्य लिहिलं तर काय होतं, तेही सांगते, कारण हा वाद फक्त ग्रंथातला नाही. ज्याच्या नावापुढे शून्य, त्याला सल्ला मिळतो तो ठरलेला: हालचाल वाढवा, आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला. बैठ्या माणसाला हा सल्ला अमृतासारखा आहे, मी स्वतः तो रोज देते. आजींना तो दिला तर त्यांचा गुडघा आणखी लवकर जाईल. त्यांना हवी आहे विश्रांती, हाताखाली दुसरं माणूस, आणि कमी वाकावं लागेल अशी व्यवस्था. भार मोजायचं मापसुद्धा त्यांच्या वयाचं हवं. श्रम ‘मेट’मध्ये मोजतात. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे दर मिनिटाला लागणारा ३.५ मिलिलिटर प्राणवायू, असं धरून १९९३ साली कामांची मोठी यादी छापली गेली. साठीपुढच्यांसाठी वेगळी यादी २०२४ मध्ये आली, आणि तिच्यात विश्रांतीचा आकडा २.७ धरला आहे. वय वाढतं तशी शरीराची कमाल ताकद उतरते, म्हणून चाळिशीत मध्यम वाटणारी घागर पंच्याहत्तरीत जवळजवळ सगळी ताकद खाते. तरणीताठी सून आणि म्हातारी सासू एकच बादली उचलतात तेव्हा दोघींचं काम सारखं नसतं.

आजींच्या कागदावर मी देखभालीच्या रकान्यात ‘हो’ लिहिलं. त्याआधी मी त्यांना एवढंच विचारलं, की मालकांना रात्री कोण वळवतं? ‘मीच की. दुसरं कोण हाय?’ हे त्यांच्या तोंडचं उत्तर झालं, नियमही मोडला नाही. समासात मी तपशील लिहिला: किती वेळा, कुठं वाकावं लागतं, कोणता गुडघा. निघताना मुलाला सांगून बाजेच्या चारही पायांखाली विटा लावून घेतल्या, म्हणजे बाज उंच होईल आणि आजींची कंबर वाचेल. रात्रीची एक पाळी मुलानं घ्यावी, हेही त्याला आजींसमोर सांगितलं. तो हो म्हणाला.

या कामात नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. खुर्ची मागू नका, खाली बसा. मागच्या सात दिवसांपासून सुरुवात करू नका. पहाटे पाय जमिनीला लागल्यापासून विचारा, आणि दिवस पुढे सरकेल तसं त्यांच्याबरोबर सरका. आठवडी बाजार, एकादशी, पाहुणे आले तो दिवस, अशा खुणा धरून आठवडा मागे न्या. कामाचं नाव घेऊन विचारा. मुलाला किंवा सुनेला त्यांच्या वतीनं बोलू देऊ नका, पण ते काय म्हणाले ते लक्षात ठेवून पुढचा प्रश्न बेता. आणि ‘काही नाही’ हे उत्तर आलं तर पेन खाली ठेवा आणि थांबा. त्या बाई उठतील. कुठं उठून गेल्या ते पाहा, आणि परत आल्यावर त्याबद्दल विचारा.

आणि हे वाचणाऱ्या तुम्हाला एक विनंती. तुमची आई, आजी, सासू असं म्हणत असेल की मी काय करते, बसूनच असते, तर तिला निरहंकारी म्हणून मोकळे होऊ नका. एक दिवस पहाटेपासून तिच्याबरोबर राहा, तिनं केलेलं एकेक काम तिच्यासमोर मोठ्यानं नाव घेऊन सांगा, आणि त्यातलं निम्मं दुसऱ्या दिवसापासून तुम्ही करा.